पद्मिनीचे बुश: परभणी, कुर्ला, वाळूज

जुनी फियाट किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याला इंजिनाचं फार टेन्शन नसतं. कार्बोरेटर, पॉइंट, फ्युएल पंप यातलं काही बिघडलं तरी गावातला एखादा जुना मिस्त्री अर्ध्या दिवसात गाडी चालू करून देतो. रडवतात ते पुढच्या आर्ममधले, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी हातांमधले, रबरी बुश. पार्ट अंगठ्याएवढा, किंमत किरकोळ, आणि बाजारात मिळतो तो एक पावसाळा टिकेल याची खात्री नाही. 2025 च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत मी या बुशांच्याच मागे होते. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांची थोडी धावपळ वाचावी म्हणून सविस्तर लिहितेय. मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करते. त्यामुळे यात जे तांत्रिक आहे ते दुसऱ्यांकडून शिकलेलं आणि मग स्वतः ताडून पाहिलेलं आहे.

गाडी वडिलांची. नोंदणी नोव्हेंबर 1985 ची, स्टेअरिंगजवळच्या दांडीचा गिअर, नंबर एमएच मालिका सुरू होण्याच्या आधीचा. खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, म्हणजे आमची पुढची तारीख नोव्हेंबर 2025. त्याआधी गाडी तपासणीला नेण्यासारखी करायची, एवढंच सुरुवातीला डोक्यात होतं.

लक्षणं फेब्रुवारीपासूनच सुरू झाली. जिंतूर रोडवरच्या गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘ठक्’ असा एकच आवाज. साठच्या पुढे गाडी रस्ताभर हिंडायची. ब्रेक मारला की तोंड डावीकडे. पुढच्या टायरची आतली कड झिजलेली. पहिल्या गॅरेजवाल्याने न बघताच किंगपिन (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते खिळे) गेलेत असं सांगितलं. आमचे जुने उस्ताद मात्र म्हणाले, “किंगपिन को हाथ नक्को लगाओ, मॅडम. पैले बुश देखो.”

त्यांनी दाखवलेली पद्धत घरी करण्यासारखी आहे. पुढचं चाक जॅकवर उचला, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आमच्याकडे दोन्ही ठीक होतं. मग उस्ताद खड्ड्यात उतरले, आर्म आणि चेसिसच्या मध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून जरासं उचकटलं, आणि खालच्या आर्मची आतली बाजू चक्क बोटभर सरकली. बॅटरीच्या उजेडात बुशचं रबर दिसलं. चिरा पडलेलं, कडक, कडेने भुगा झालेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पद्मिनीला पुढे दोन्ही बाजूंना वर एक आणि खाली एक असे आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग आहे, मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आर्म जिथे गाडीला जोडलेला असतो तिथे हे बुश बसतात. बाजारात यांना सायलेंट ब्लॉक म्हणतात. आत एक लोखंडी नळी, बाहेर एक लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं. आतली नळी बोल्टने आवळून पक्की होते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसते. चाक वर-खाली झालं की इथे काहीच घासत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणून याला ग्रीस लागत नाही. उलट साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज येतो म्हणून बुशवर जुनं ऑइल सोडणारे मिस्त्री मी पाहिलेत. आवाज दोन दिवस बंद होतो आणि बुशचं आयुष्य संपतं.

मार्चमध्ये बाहेरगावच्या एका दुकानातून कुरिअरने आठ बुशांचा संच मागवला, 1,900 रुपये. उस्ताद तेव्हा मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होते म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये बसवून घेतला. मजुरी 3,500. गाडी छान झाली. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच ‘ठक्’ परत.

उस्तादांनी खोलून पाहिलं आणि बुश माझ्या हातात दिला. रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं, आणि सगळ्या बुशांत फाटण्याची दिशा एकच होती. कारण त्यांनी लगेच ओळखलं: चाकं लटकत असताना बोल्ट आवळलेले. गाडी खाली उतरली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. त्यावर आपले खड्डे. हे रबर कितीही चांगलं असलं तरी फाटणारच. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चार चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. पुढे जे जे केलं त्यात ही एक गोष्ट निम्म्याहून जास्त मोलाची होती असं आज माझं मत आहे. बाकी धडपड उरलेल्या निम्म्यासाठी.

उरलेलं निम्मं म्हणजे रबर. मला शंका होती की तेही हलकंच असणार, आणि ती तपासायला मी आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेले. वडिलांच्या काळातल्या मूळ बुशमधून रबराचा एक तुकडा कापला, नव्या फाटक्या बुशमधून एक. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला, तुकडा दोऱ्याने पाण्यात लटकवला, तळाला न टेकवता. काटा जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढं पाणी तुकड्याने सारलं. कोरडं वजन त्या आकड्याने भागलं की घनता. जुना तुकडा 3.62 ग्रॅम, पाण्यात 3.10, म्हणजे घनता साधारण 1.17. नवा 4.05 आणि 2.72, म्हणजे जवळपास 1.49. शुद्ध नैसर्गिक रबर पाण्यापेक्षाही हलकं असतं. काजळी वगैरे घालून बनवलेलं चांगलं बुशचं रबर 1.1 ते 1.2 च्या आसपास येतं. दीडच्या जवळ गेलं की त्यात खडू-मातीची भर आहे असं समजायचं. सराफांनी हे सगळं गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, “मग कॅरट किती म्हणायचं ह्याचं?”

त्याच आठवड्यात ऑनलाइन एक ड्युरोमीटर घेतला, 1,600 रुपये. टोकदार सुई रबरावर दाबायची, कडकपणा शोर ए या मापात दिसतो. अशा बुशला 60 ते 70 योग्य. वडिलांच्या काळातले मूळ बुश वाळून 88 वर गेलेले. कापलेला तुकडा पातळ असेल तर आकडा खोटा येतो, निदान सहा मिलिमीटर जाडी हवी.

जूनच्या शेवटी मुंबईला लग्न होतं, तेव्हा कुर्ला करून यायचं ठरवलं. तपोवन एक्सप्रेसने गेले. कुर्ल्याला जायला अर्थ होता, कारण गाडी तिथलीच. 1964 पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट बनवत होती. तिचंच नाव 1974 मध्ये पद्मिनी झालं. पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते मात्र काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली, आणि वीस वर्षांच्या नियमाने ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेली तसा रोजचा खप गेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे दुकानदार हेच सांगतात. जो माल आहे तो जुना, नवीन कोणी काढत नाही.

एकाने फडताळातून सीलबंद खोका काढला. “कंपनीचा ओरिजिनल, हात लावलेला नाही.” नग 450. खोका खरा होता, बुशही खरा असावा. पण रबर खोक्यात बसूनही म्हातारं होतं. ड्युरोमीटर लावला तर 84. दुकानदाराने तो मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आणखी दोन खोके आपणहून उघडून तपासायला दिले, 82 आणि 85. मी बुश घेतले नाहीत. त्याच्याकडून सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स 300 रुपयांत आणली, ती पुढे फार उपयोगी पडली. जुना पण न वापरलेला धातूचा पार्ट मिळाला तर डोळे झाकून घ्या. रबरी पार्ट घेताना डोळे उघडे हवेत.

जुलैमध्ये पीयूचा नाद लागला. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. सगळे म्हणतात लावा आणि विसरा. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत प्रेसचे पॅड आणि रोलर ओतून देणारे आहेत, त्यांच्याकडून दांडा घेऊन लेथवर बुश कातून घेता येतात. मी माहिती काढली, नमुनाही करून घेतला, आणि आर्मसाठी तो विचार सोडला. पीयूचा बुश रबरासारखा पिळला जात नाही, तो नळीवर फिरतो. फिरतो म्हणजे त्याला सिलिकॉन ग्रीस हवं, ते वेळोवेळी भरायला हवं, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्या ग्रीसमध्ये मिसळली की ती कानस होऊन नळी खाते. पावसाळ्यात चिखल, मग करकर. शिवाय 90 शोरचा बुश प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचवतो. रेसिंगवाल्यांना ते चालतं. चाळीस वर्षांच्या पत्र्याला का त्रास द्यायचा? पुढच्या स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) रबर मात्र मी पीयूचे केले, ते सहज काढता-घालता येतात. नायलॉन कातून बसवणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

वाळूजचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीचा, पत्ता मला एका टर्नरने दिला. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले, त्यात रबर मोल्डिंगवालेही आहेत. अडचण एकच: त्यांना हजारात काम लागतं, आपल्याला आठ नग हवेत. दोन ठिकाणी चहा मिळाला, काम नाही. तिसऱ्या शेडमधल्या मालकाने जुना बुश हातात फिरवला आणि म्हणाला, “ताई, करून देतो. पण साचा तुमच्या खर्चाने, आणि शंभर नगांच्या खाली प्रेस गरम करणार नाही.” साचा 14,000. नग 260, नळ्यांसह, जीएसटी वेगळा.

शंभर नग एकटीने घेऊन मी काय लोणचं घालणार होते? मग फोनाफोनी. सेलूचे एक निवृत्त शिक्षक, उदगीरचे डॉक्टर, जालन्याच्या मोंढ्यातले एक गृहस्थ, नांदेडचे दोघे भाऊ. सगळ्यांकडे पद्मिनी आणि सगळ्यांची रड एकच. सगळे राजी झाले, साच्याचा खर्च वाटला गेला. पैसे गोळा व्हायला मात्र गणपती उजाडले. अशा कामात आगाऊ रक्कम आधी घ्या आणि हिशेबाचा कागद सगळ्यांना पाठवत राहा, गोडवा टिकतो.

माप घेण्याबद्दल. माझे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही, कारण आर्मची भोकं गाडीगणिक वेगळी घासलेली असतात. जुना बुश मोजू नका, भोक मोजा, आणि ते दोन दिशांनी. व्हर्निअर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचता येतो, तरी भोकासाठी टर्नरकडून बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायच्या मापाने) खात्री करून घ्या. बाहेरची नळी भोकापेक्षा किंचित मोठी असेल तरच बुश दाबून पक्का बसतो. आमच्यातल्या उदगीरच्या गाडीचं एक भोक लांबट झालेलं निघालं. तिथे आधी आर्म दुरुस्त करावा लागला. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा लांब असायला हवी, नाहीतर बोल्ट आवळल्यावर आर्मच जाम होतो.

रबराबद्दल मी तीन गोष्टी लिहून दिल्या: नैसर्गिक रबर, रिक्लेम म्हणजे जुन्या टायरचं रबर नको, कडकपणा 65 च्या आसपास. मालकाने चौथी सांगितली, जी मला सुचली नसती. नळीला रबर धरतं ते तिच्या तयारीमुळे. लोखंड आधी शॉट ब्लास्टने, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने, खरवडायचं, मग प्रायमर, मग चिकट द्रव्य, आणि तेलकट हात लागू द्यायचा नाही. त्यानंतर साच्यात साधारण दीडशे अंशाला रबर पिकतं. नळ्या ब्लास्ट झाल्यावर पोरं कापडी हातमोजे घालूनच त्या उचलत होती.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. शेतं वाहून गेली, रस्ते बंद पडले, आणि अशा दिवसांत बुशसाठी फोन करायची लाज वाटायची. काम थांबलं ते थांबलंच. एक बारीकसा फायदा झाला: 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांच्या गटातले सुटे भाग 18 टक्के जीएसटीत आले आणि बिल त्यानंतरचं निघालं.

दसऱ्यानंतर माल आणायला गेले. मालकाने एक नग बळी द्यायला लावला. बाहेरची नळी करवतीने चिरून शिकंज्यात धरली आणि रबर पक्कडीने ओढलं. तो म्हणाला, “फाटलं तर पास, सोललं तर नापास.” रबर मधूनच फाटलं, दोन्ही नळ्यांवर काळा थर तसाच राहिला. हातातल्या ड्युरोमीटरवर 64. मी घरी येऊन पाण्याची परीक्षाही केली, 1.16. तुम्ही कुठूनही बुश घ्या, एक नग असा फोडून पाहा. त्या 260 रुपयांत जेवढं कळतं तेवढं कोणत्याही खोक्यावरच्या छापील मजकुरातून कळत नाही.

बसवण्याचं काम उस्तादांनीच केलं, दोन दिवस, मजुरी 4,500. कॉइल स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर जीव घेऊ शकते, म्हणून हे घरी करू नका. त्यांनी स्प्रिंग कंप्रेसर लावलाच, वर साखळीही बांधली. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर निघाले. एकाची बाहेरची नळी आत अडकली ती करवतीच्या पात्याने आतून चिरून काढली, आर्मला खरवड न पडू देता. नवे बसवताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी. बोल्ट हातानेच लावून गाडी खड्ड्यावर चार चाकांवर उभी केली. मॅन्युअलमध्ये माणसं बसल्यासारखं वजन ठेवायला सांगितलंय, तर शेजारच्या गिरणीतून ज्वारीचे कट्टे आणून सीटवर ठेवले. गाडी चार वेळा दाबून सोडली, स्थिर होऊ दिली, आणि मग उस्ताद खालून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) एकेक बोल्ट आवळत गेले. पोऱ्या विचारत होता, कट्टे कशाला? उस्ताद म्हणाले, “ये सवारी है. उतारना नक्को.”

अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पद्मिनी हे नावच नव्हतं. झेरॉक्समधले आकडे त्याने हाताने भरले. बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, 600 रुपये वाचवून टायर घालवू नका.

आरसीचं काम समांतर चालू होतं. मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत फॉर्म 25 भरता येतो, त्याआधी नाही. परिवहनच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आधारशी जुळलेला हवा. वडिलांचा जुना नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्या, त्यातच दिवस जातात. आमची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन नोंद, 2020 च्या नूतनीकरणात झाली होती, ज्यांच्याकडे अजून फक्त कागदी पुस्तक आहे त्यांनी ती आधी करून घ्यावी. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरण फी 10,000 झाली, ती भरली. पर्यावरण कर 3,000. उच्च सुरक्षा नंबरप्लेट 745 अधिक जीएसटी, म्हणजे 879. विमा आणि पीयूसी चालू हवेत. उशीर झाला तर महिन्याला 500 दंड, तो टळला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज वापरता येत नाही, त्यामुळे 1975 च्या आधीची गाडी असेल तर विचार करून ठरवा.

तपासणीला नोव्हेंबरमध्ये गेले. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. निरीक्षकांनी गाडी आवारातच एक फेरी फिरवली आणि मुख्य फाटकाजवळच्या गतिरोधकावरून आणली. मी कान देऊन उभी होते. आवाज आला नाही. सही झाली, सुधारित आरसी पुढच्या पंधरवड्यात पोस्टाने आली.

माझ्या वाट्याचा हिशेब, फुकट गेलेला पहिला संच आणि त्याची मजुरी धरून, पण आरटीओ सोडून, सतरा हजारांच्या आत बसला. बऱ्याच जणांना हे वेडेपण वाटेल आणि मी वाद घालणार नाही.

उरलेले जास्तीचे बुश काळ्या पिशवीत हवाबंद करून लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलेत. उन्हापासून आणि पाण्याच्या मोटारीपासून लांब, कारण मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात. पिशवीवर महिना-वर्ष लिहिलंय. साचा वाळूजलाच आहे, आमच्या नावाने. शंभर नगांचे गिऱ्हाईक जमले की पुन्हा प्रेस गरम होईल. मागच्या पाट्यांचे शॅकल बुश अजून जुनेच आहेत. त्यांची मापं घेऊन झालीत, पण या वेळी फोनाफोनी आणि पैसे गोळा करण्याचं काम जालन्याच्या गृहस्थांनी अंगावर घेतलंय.